आठवड्याला साडेसहा तास: इझी किती, इंटरव्हल किती?

डबलसीट
नमस्कार मंडळी. वय ४३, मुक्काम कोथरूड, काम बैठं. तीन वर्षं रोडबाइक चालवतोय. मंगळ, गुरू, शनी सकाळी सव्वा-सव्वा तास आणि रविवारी ग्रुपबरोबर पावणेतीन तास. यापेक्षा जास्त वेळ निघणं शक्य नाही, घरून तशी तंबी आहे.

अडचण अशी, की वर्षभर घाम गाळूनही जुन्या कात्रज बोगद्याचा चढ १९ मिनिटांच्या आत येत नाहीये. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) झाली, ३०० ला २२० वर सोडून दिली. पाय संपले होते आणि पोटात अन्न राहत नव्हतं. २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं (फ्रान्समधली १२०० किलोमीटरची राइड) स्वप्न आहे, म्हणजे त्याच वर्षात २००, ३००, ४००, ६०० चारही व्हायला हव्यात.

एक मित्र म्हणतो नुसती लांब आणि सावकाश चालव, दुसरा म्हणतो टबाटा (काही सेकंद पूर्ण जोर, मग क्षणभर थांबा) कर, बाकी सगळा टाइमपास. कुणाचं ऐकू?

पंक्चरपंडित
आधी आकडे सांगा. छातीचा पट्टा वापरता की मनगटावरचं घड्याळ? रोजच्या राइडचा सरासरी हार्टरेट किती? आणि आजवर दिसलेला सर्वांत जास्त?

डबलसीट
पट्टा आहे. सरासरी १४८ ते १५८, जवळजवळ रोजच. सर्वांत जास्त १८८, बोपदेव घाटाच्या शेवटच्या वळणावर. अ‍ॅप मात्र २२० वजा वय करून १७७ धरतं.

पंक्चरपंडित
झालं निदान. १८८ धरला तर तुम्ही रोज ८० टक्क्यांच्या आसपास चालवताय. इझी म्हणावं तर दमवणारं, हार्ड म्हणावं तर मिळमिळीत. दोन वर्षं मीही हेच केलं, आणि घरी येऊन सोफ्यावर आडवं पडण्याला मेहनत समजत होतो.

नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर नावाचे शरीरशास्त्रज्ञ आहेत. अव्वल स्कीपटू, रोइंगवाले, सायकलपटू प्रत्यक्षात कसा सराव करतात ते त्यांनी मोजलं. साधारण ८० टक्के सत्रं सोपी, २० टक्के खरोखर कठीण. मेख अशी, की ही सत्रांची मोजणी आहे, मिनिटांची नाही. इंटरव्हलचा (थोडा वेळ जोरात, मग हलकं, पुन्हा जोरात) दिवस म्हणजे वॉर्मअपसकट अख्खा दिवस कठीणच्या खात्यात.

तुमच्या चार राइड्समध्ये हे असं बसेल: तीन इझी, एक हार्ड. इझी म्हणजे १३०-१३८, चढावर फार तर १४०. अ‍ॅपमधला १७७ खोडून १८८ टाका, नाहीतर सगळे झोन (हार्टरेटचे टप्पे) चुकीचे दिसतील. आणि हार्टरेटवरही आंधळा विश्वास नको. एप्रिलमध्ये नऊनंतर त्याच वेगाला माझे दहा-बारा ठोके जास्त पडतात. माझी कसोटी साधी आहे: एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायचा. मध्ये धाप लागली तर वेग कमी करायचा. (पाढा येत नसेल तर तो निराळा धागा.)

सायकलवाली
पंडित, बरंचसं मान्य, पण ८०/२० ची पोथी करू नका. ज्यांच्यावरून तो आकडा आला ते लोक दिवसाला दोन-दोनदा सराव करतात. त्यांनी वीस टक्क्यांच्या वर कठीण केलं तर ते मोडतील म्हणून तो आकडा. आपल्याला मंगळवारी इंटरव्हल केल्यावर गुरुवारपर्यंत आपोआप विश्रांती मिळते, कारण बुधवारी ऑफिस असतं. साडेसहा तासांत आठवड्याला दोन कठीण सत्रं झेपतात. मध्ये ४८ तास हवेत आणि झोप हवी. मुलांच्या परीक्षा किंवा घरात आजारपण असेल त्या आठवड्यात मी एकच करते, कधी तेही नाही.

टबाटाबद्दल: १९९६ चा तो मूळ प्रयोग तब्येतीने तयार तरुणांवर, प्रयोगशाळेतल्या सायकलवर झाला होता. २० सेकंद जीव खाऊन, १० सेकंद थांबा, सात-आठ फेऱ्यांत माणूस संपलाच पाहिजे अशी ती ताकद. जिममध्ये गाणी लावून जे चालतं त्याचा त्याच्याशी संबंध नावापुरता. ३०० किलोमीटरवाल्याने तिथून सुरुवात करायची गरज नाही.

तुम्हाला ८ मिनिटांचे ठोकळे (सलग जोराचे तुकडे) बरे. सायलर यांच्याच एका अभ्यासात हौशी सायकलस्वारांचे गट करून ४×४, ४×८ आणि ४×१६ मिनिटं (म्हणजे चार ठोकळे, प्रत्येकी तेवढ्या मिनिटांचे) अशी तुलना केली होती. सात आठवड्यांनी ४×८ वाले सर्वांत पुढे होते. ४×४ वाले जास्त जोरात चालवत होते, तरीही. तुम्ही आधी ३×८ करा, मध्ये चार मिनिटं हलकं पेडल. हार्टरेट दुसऱ्या ठोकळ्यात १६८-१७० ला यावा. पहिला ठोकळा "एवढंच?" असा वाटला पाहिजे. पहिल्यातच डोळ्यांपुढे काजवे चमकले तर तिसरा होतच नाही.

नाशिककर
आणि हे करायचं कुठे? शहरात आठ मिनिटं सिग्नल आणि कुत्र्यांविना मिळणं म्हणजे लॉटरी. मी पहाटे ट्रेनरवर (घरात सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) करतो. सोसायटीत खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करायचे, जुनी गादी घातल्यापासून शांतता आहे.

दुसरं म्हणजे गिअर. बोपदेव काय, कात्रज काय, चढावर १३८ वर राहणं ११-२८ कॅसेटने (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या, ११ ते २८ दातांच्या) होतच नाही. पाय जड पडतात, हार्टरेट १६० ला जातो आणि माणूस म्हणतो "मला इझी जमत नाही". मागे ३२ किंवा ३४ दात टाका. घेण्याआधी मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) बघून घ्या, शॉर्ट केजचा, म्हणजे आखूड असेल तर ३४ बहुधा चालणार नाही. हा खर्च कार्बनच्या चाकांपेक्षा कितीतरी स्वस्त आणि कामाचा.

सायकलवाली
गिअरला अनुमोदन. स्त्रियांसाठी एक जोड: इझी राइडलाही धाप लागत असेल तर झोनचे तक्ते बाजूला ठेवून आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. मी चार महिने स्वतःला आळशी म्हणत होते.

पंक्चरपंडित
धागाकर्ते, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि तुम्ही ते एकत्र बांधलेत. कात्रजची वेळ इंटरव्हलने कमी होईल. ३०० सुटली त्याचा इंटरव्हलशी संबंध नाही. ३०० ला २० तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५. तुमच्याकडे तो वेग आहे. पहिले ६० किलोमीटर कुणाबरोबर आणि काय वेगाने गेलात?

डबलसीट
पकडलंत. पुढच्या ग्रुपच्या मागे, ३०-३२ ने. मस्त वाटत होतं.

पंक्चरपंडित
तेच. त्या वेगाला शरीर साठवलेली साखर भसाभस जाळतं, आणि तसं जोर लावताना पोटाकडे जाणारं रक्त कमी होतं, म्हणून खाल्लेलं पुढे सरकत नाही. तुम्ही संपलात २२० वर, पण उधारी पहिल्या साठमधली. इझी राइडचा मोठा फायदा हाच: त्याच वेगाला चरबी जास्त आणि साखर कमी जळायला लागते. पण ते महिन्यांचं काम आहे, दोन रविवारांचं नाही. तोवर दर तासाला ४०-६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका केळ्यात २५ च्या आसपास. खजूर, गूळपोळी, राजगिऱ्याचा लाडू, काय पचेल ते शनिवारीच आजमावा, बीआरएमच्या दिवशी नाही.

डबलसीट
पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय. मंगळवारी ३×८, आता ४×८. बाकी सगळं इझी. कॅसेट ११-३२ केली.

पहिले दोन आठवडे अपमानास्पद होते. पानशेत रोडवर दुधाचे कॅन लावलेल्या साध्या सायकलवरच्या काकांनी मला मागे टाकलं आणि वळून विचारलं, "पंक्चर आहे का?" खडकवासल्याच्या माझ्या नेहमीच्या फेरीला १३६ वर पूर्वी एक तास अकरा मिनिटं लागायची, परवा एक तास सहा. कात्रज अजून मोजला नाही, मुद्दाम.

पण रविवार सुटत नाही. सगळे "आज रिलॅक्स" म्हणून निघतात आणि डोणज्याच्या अलीकडे कुणीतरी एक जण पेटतो. मग चहाच्या टपरीपर्यंत शर्यत. मागे राहिलो तर एकटा, पुढे गेलो तर १६५. यावर काय करता तुम्ही लोक?

सायकलवाली
रविवारचा पेटलेला तुकडाच दुसरं कठीण सत्र धरा, मग गुरू-शनी अगदी गोगलगाय. दर रविवारी मात्र नको, एकाआड एक.

नाशिककर
मी ग्रुपच्या अर्धा तास आधी निघतो. टपरीवर भेटतो. चहा तोच, गप्पा त्याच.

पंक्चरपंडित
मी पुण्यातच असतो आणि हल्ली शेवटीच असतो. रविवारी पावणेसहा, राजाराम पुलाजवळ. केळी मी आणतो, पाढा तुम्ही म्हणा.