वादळाने छप्पर नेल्यानंतर : खानदेशातील घरमालकांचे अनुभव

धागाकर्ता, रावेर तालुका

रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्याला मे-जूनमधले वादळ नवीन नाही. पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेलेला असतो, दुपारनंतर ढग भरून येतात आणि पावसाचा पहिला थेंब पडण्याआधीच असा वारा सुटतो की कापणीला आलेली केळीची बाग पाहता पाहता आडवी होते. दुसऱ्या दिवशी लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि पत्रकार बागेच्या बांधावर येतात. ते आलेच पाहिजेत, कारण या भागाचा संसार केळीवर चालतो. परंतु त्याच वाऱ्याने ज्यांच्या डोक्यावरचे पत्रे नेले, त्यांच्या दारात त्या गर्दीतले फारसे कोणी येत नाही. म्हणून या धाग्यात पिकाविषयी नव्हे, तर घराविषयी लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे.

सुरुवात मी करतो. आमच्या घराचा पुढचा भाग जुन्या धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा आहे आणि मागच्या दोन खोल्या विटांच्या भिंतींवर पत्रे टाकून नंतर बांधलेल्या आहेत. वादळात धाब्याला काही झाले नाही. मागचे पत्रे मात्र खालच्या लोखंडी अँगलसह उचलले गेले आणि जाताना भिंतीचे वरचे थर घेऊन गेले. वर्षाचा गहू, दादर ज्वारी आणि नुकतेच वाळवून ठेवलेले पापड, सगळे भिजले. तासाभरात आळीतली मुले ट्रॅक्टर घेऊन आली. त्यांतल्या एकाची स्वतःची बाग त्याच संध्याकाळी झोपली होती, तरीही बागेकडे जाण्याआधी त्याने आपल्या खळ्यावरची ताडपत्री आमच्या घरावर बांधून दिली. पुढचे काही दिवस आमचे जेवण शेजारच्या चुलीवरच झाले.

खरी अडचण त्यानंतर आली. पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका, असा निरोप मिळाला होता. कर्मचाऱ्यांकडे अनेक गावे होती आणि बागांचे पंचनामे आधी चालू होते. इकडे आकाश पुन्हा भरून येत होते आणि घरात अंथरुणाला खिळलेली आई होती. आम्ही नवे पत्रे टाकले. पंचनाम्यासाठी जे आले त्यांना नवे छप्पर दिसले, आणि त्यांनी जे दिसले तेवढेच लिहिले. अंशतः नुकसान अशी नोंद झाली. तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन, कारण आजारी माणसाला कागदासाठी पावसात ठेवता येत नाही. पण ज्या कुटुंबाने हातपाय हलवून घर लवकर उभे केले त्याचेच नुकसान कागदावर कमी दिसावे, ही व्यवस्था बदलली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. छप्पर आधी की पंचनामा आधी, हा प्रश्न इतरांनी कसा सोडवला ते मला जाणून घ्यायचे आहे.

गृहिणी, यावल तालुका

आमच्याकडे प्रश्न वेगळा होता. घराची भिंत पडली, पंचनामाही वेळेत झाला. पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नाव सासऱ्यांचे, आणि ते वारून बरीच वर्षे झालेली. तीन भावांपैकी एक सुरतेला, एक पुण्यात. वारसांची संमतीपत्रे गोळा करणे, आधार बँक खात्याला जोडलेले आहे की नाही ते पाहणे, यादीत आपला विशिष्ट क्रमांक शोधणे, मग केंद्रावर जाऊन अंगठा देऊन ई-केवायसी करणे, या सगळ्यात पावसाळा निघून गेला. भिंत आम्ही बचत गटाच्या पैशांतून बांधली. गटातल्या बायकांनी बैठक घेऊन ठरवले की ज्यांचे घर पडले त्यांच्याकडून दिवाळीपर्यंत व्याज घ्यायचे नाही. कोणाला आधी द्यायचे यावर थोडी वादावादी झाली, पण शेवटी एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना सर्वांत आधी द्यायचे यावर सगळ्यांचे एकमत झाले. मला त्या बैठकीचा आजही अभिमान वाटतो. ज्यांची घरे अजून सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या नावावर आहेत, त्यांनी वारसनोंद या उन्हाळ्यातच करून घ्यावी, एवढे कळकळीने सांगते.

पत्र्याचे शेड उभारणारा कारागीर, अमळनेर

वादळ झाले की दुसऱ्या दिवसापासून आमचा फोन थांबत नाही. त्या आठवड्यात पत्र्याचा भाव चढतो, वेल्डर मिळत नाही आणि गवंडी तर त्याहून मिळत नाही. घाईत लावलेले छप्पर पुढच्या वर्षी पुन्हा उडते, हे मी अनेक घरांवर पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वारा पत्र्यावर वरून दाब देतो आणि त्याने पत्रा मोडतो, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो, आणि उघड्या खिडकी-दारातून किंवा वळचणीखालून शिरलेला वारा त्याला आतून उचलतो. त्यामुळे पत्र्यावर दगड किंवा विटा ठेवून काम भागत नाही. उलट पत्रा सुटला की तोच दगड कोणाच्या तरी डोक्यात पडतो. पत्रा जे-हूकने किंवा वॉशरसह बोल्टने, त्याच्या उंचवट्यावर भोक पाडून, खालच्या पाईपला घट्ट धरला पाहिजे. कडेच्या आणि कोपऱ्याच्या ओळींत बोल्ट दाट हवेत, कारण उचलण्याचा जोर तिथेच सर्वाधिक असतो. सावलीसाठी भिंतीबाहेर फार लांब काढलेला पत्रा वाऱ्याला आयता सापडतो. आणि पाईप नुसते भिंतीवर ठेवून त्यांवर दोन विटा रचलेल्या असतील, तर वरचे सगळे बोल्ट व्यर्थ आहेत. पाईप काँक्रीटच्या पट्ट्यात लोखंडाने अडकवलेला असला पाहिजे. धागाकर्त्या दादांच्या घराचे अँगलच उचलले गेले, त्यावरून तिथे हीच त्रुटी राहिली असावी असे वाटते.

शेजाऱ्यांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या भागात एका वादळानंतर एक शेतकरी भल्या पहाटे गावात आला आणि एकेका दारी उभा राहून सांगू लागला, "भाऊ, तुना घरना पत्रा मना वावरमा पडेल शे, ली जाय." वाकलेल्या पत्र्यालाही भंगाराचा भाव मिळतो, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने प्रत्येक पत्रा ज्याचा त्याला परत दिला.

निवृत्त तलाठी, धुळे जिल्हा

माझी नोकरी पंचनामे करण्यात गेली, म्हणून दुसरी बाजूही लिहितो.

पंचनामा एकट्याने होत नाही. महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी या तिन्ही विभागांचे गावपातळीवरचे कर्मचारी मिळून तो करतात, आणि वादळ एका गावात थांबत नाही. घरांच्या मदतीचे दर केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांवरून ठरतात. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आहेत. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. झोपडीला ८,००० आणि घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. पूर्ण आणि अंशतः या दोन शब्दांमध्ये एक लाखाहून अधिक रुपयांचे अंतर आहे, आणि ते अंतर पंचनाम्यातल्या एका ओळीवर ठरते. अर्धे छप्पर आणि एक भिंत गेलेले घर राहण्यालायक नसते. तरीही ते पूर्ण पडलेले नसते. अशा घराबाहेर वही घेऊन उभे राहणे फार जड जात असे.

दुसरी अडचण अधिकृततेची. बांधकाम अधिकृत असले पाहिजे, अशी निकषांतच अट आहे. गावठाणाबाहेर, गायरानात किंवा नाल्याच्या काठी राहणाऱ्यांची घरे सर्वांत कच्ची असतात आणि वादळात सर्वांत आधी तीच जातात. परंतु कागदावर ती अनेकदा घरेच नसतात. भाडेकरूचेही तसेच आहे.

आता वादळाच्या प्रकाराविषयी. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, पूर, गारपीट, ढगफुटी ही नावे आहेत. आपल्याकडचा मे-जूनचा वादळी वारा हा स्थानिक असतो, काही तालुक्यांपुरता. त्याचे प्रस्ताव बहुधा अवेळी पाऊस, अतिवृष्टी अशा मथळ्यांखाली जातात; आणि अतिवृष्टी म्हणायची तर महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस लागतो. वारा प्रचंड आणि पाऊस किरकोळ, असे झाले की घर पडलेले असूनही आकडा जुळत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा राज्य शासनाने पूर्ण पडलेल्या घरांची मदत ९५,१०० रुपयांवरून दीड लाखांपर्यंत वाढवली. तो निर्णय योग्यच होता आणि कोकणातल्या लोकांना ते पैसे मिळालेच पाहिजे होते. पण ज्या वादळाला नाव दिले जाते त्याच्यासाठी मंत्रिमंडळ बसते आणि ज्याला नाव नसते त्याच्यासाठी नेहमीचा तक्ता उघडला जातो, हे मी जवळून पाहिले आहे. रावेरच्या घरातले भिजलेले धान्य श्रीवर्धनच्या घरातल्या धान्यापेक्षा कमी भिजलेले नसते.

दुकानदार, चाळीसगाव

आमच्यावर संकट वाऱ्याचे नव्हे, पाण्याचे आले. तरी पुढची कथा सारखीच असल्याने लिहितो. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे डोंगरात झालेल्या पावसाने तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एकदम भरल्या आणि पाणी शहरात शिरले. कन्नड घाटात दरडी कोसळल्याने तो रस्ताही बंद झाला. आमचे घर दुकानाच्या मागेच आहे. पाणी जसे आले तसे काही तासांत ओसरले, पण मागे गुडघाभर गाळ राहिला. खेड्यांतली जनावरे दावणीलाच मेली होती. ते दृश्य आठवले की आजही जेवण जात नाही.

भांडी आणि कपड्यांसाठीच्या मदतीचा केंद्राचा मूळ निकष असा आहे की घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले किंवा दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात असले पाहिजे. राज्य शासन प्रसंगी ही अट शिथिल करते, पण निकष मुळातच संथ पुराचा विचार करून केलेला दिसतो. आमच्या डोंगरी नद्यांचा पूर पहाटे येतो आणि दुपारी जातो, आणि तेवढ्यात घरात काही ठेवत नाही. त्याच पावसाळ्यात पुन्हा पूर आला, तेव्हा पहिला गाळ काढणाऱ्यांनीच दुसऱ्यांदा फावडी उचलली. तरुण मंडळांनी गाळ काढला, आसपासच्या गावांतून भाकरी आल्या, औषध दुकानदारांनी उधारीची वही बाजूला ठेवली. नगरातल्या माणसांबद्दल माझ्या मनात तेव्हापासून जो आदर आहे तो कमी होणार नाही.

शिक्षक, धडगाव तालुका

सातपुड्यातल्या पाड्यांवर घरे एकमेकांपासून दूर, टेकडीटेकडीवर असतात. वादळात कौले आणि कुडाच्या भिंती जातात. मदतीचे पथक रस्त्यापर्यंत येते, आणि रस्त्यापासून घरापर्यंत दीड-दोन तासांची चढण असते. इथे घर उभारायला अख्खा पाडा येतो, लाकूड-बांबू आणतो आणि मोबदला म्हणून जेवण घेतो. त्यामुळे पंचनाम्याआधीच घर उभे असते. वनजमिनीवरच्या अनेकांचे वनहक्काचे दावेही प्रलंबित आहेत, म्हणून वर तलाठी आप्पांनी लिहिलेली अधिकृततेची अट इथे फार बोचते.

मूळचा भुसावळचा, सध्या ह्यूस्टनमध्ये

२०१७ च्या ऑगस्टमध्ये ‘हार्वे’ चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आले आणि आमच्या परिसरावर दिवसेंदिवस रेंगाळले. नेदरलँड नावाच्या गावाजवळ तर एकूण ६० इंचांहून अधिक पाऊस मोजला गेला. श्रीमंत देशात सगळे सुरळीत होत असेल, असे कोणी समजू नये. इथल्या नेहमीच्या घरविम्यात पुराचे नुकसान धरत नाहीत. त्यासाठी १९६८ पासून वेगळा सरकारी पूरविमा आहे, आणि ह्यूस्टनमधल्या बहुसंख्य पूरग्रस्त घरांकडे तो नव्हता. केंद्रीय मदतीची कमाल मर्यादा त्या वर्षी ३३,३०० डॉलर होती, पण बहुतेकांना त्याच्या जवळपासही मिळाले नाही. अनोळखी माणसे मात्र दारोदार येऊन भिजलेल्या भिंती फोडून बाहेर काढत होती.

परंतु धागाकर्त्यांच्या प्रश्नाला लागू पडणारी एक गोष्ट इथे चांगली होती. तपासनिसाची वाट पाहू नका, आधी फोटो काढा, पावत्या जपा आणि लगेच साफसफाई सुरू करा, असे सरकारकडूनच सांगितले गेले. ओल्या भिंतीला बुरशी धरते, म्हणून थांबणे हेच नुकसान वाढवणारे होते. हा नियम आपल्याकडे आणण्यात कोणती अडचण आहे, हे आप्पांनी सांगावे.

धागाकर्ता

आप्पा, माझाही हाच प्रश्न आहे. आमच्याकडे फोटो होते, पण ते कोणी मागितले नाहीत, आणि मी दाखवले तेव्हा ते केव्हाचे आहेत असे विचारले गेले.

निवृत्त तलाठी, धुळे जिल्हा

प्रश्न रास्त आहे, आणि विचारणारा कर्मचारीही सर्वस्वी चूक नव्हता. जुन्या पडझडीचे फोटो दाखवणारेही आम्हाला भेटत असत. म्हणून नुसता फोटो नको. स्थान, तारीख आणि वेळ उमटणाऱ्या जीपीएस कॅमेऱ्याने घराचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढा, एका फोटोत घरक्रमांक येऊ द्या, आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्यासह गावातल्या दोन पंचांच्या सह्यांचा साधा कागद करून त्याची प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या. मग छप्पर खुशाल टाका. उडालेले पत्रे आणि मोडलेले अँगल भंगारात देण्याची घाई करू नका, ते दाराशी रचून ठेवा. पत्रे, सिमेंट आणि मजुरीच्या पावत्या घराच्या नावावर घ्या. अंशतः आणि पूर्ण यांत वाद असेल तर यादी अंतिम होण्यापूर्वी ग्रामपंचायतीत हरकत द्या. मुदत थोडी असते. हे सारे एकेकट्याने करण्यापेक्षा मे महिन्याच्या ग्रामसभेतच असा ठराव घ्यावा की वादळानंतर गावातले चार-पाच तरुण घरोघरी जाऊन हे फोटो आणि कागद करतील. बागांच्या पंचनाम्यांत कर्मचारी अडकलेला असताना घराच्या बाजूने गावाची स्वतःची तयार नोंद असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाही सोपे जाणार नाही. ठरावाचा मसुदा कोणाला हवा असल्यास मी लिहून देईन.