मदत हवी आहे : मुलांच्या नाट्यशिबिरातून देणगी उभी करताना खर्च कसा आवरावा?

रंगपेटी
नमस्कार. मी आणि माझी एक मैत्रीण मिळून मुलांसाठी बारा दिवसांचे नाट्यशिबिर घेत आहोत. शेवटच्या दिवशी नाट्यगृहात प्रयोग होईल, तिकिटे विकली जातील आणि ती रक्कम अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दिली जाईल. तसे पत्रकावर छापलेही आहे. मात्र नाट्यगृहाचे भाडे, ध्वनी, प्रकाश आणि वेशभूषा यांचा खर्च अंदाजापेक्षा पुष्कळ वाढला असून तो वजा केल्यास देण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही. त्यातच दोन पालकांनी काल हिशेब मागितला. खर्च कमी कसा करावा, एवढेच कृपया लवकर सांगावे, कारण प्रयोगाला नऊ दिवस उरले आहेत. ‘आधी विचार करायला हवा होता’ असे प्रतिसाद नकोत; तो विचार मी रोज रात्री करतेच आहे.

जमाखर्च
पत्रकावरचे नेमके शब्द द्यावेत. ‘सर्व रक्कम’ छापले असेल तर वाचणारा त्याचा अर्थ तिकिटाचा प्रत्येक पैसा संस्थेला मिळणार असाच घेतो, आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम द्यायची असेल तर तसे छापायला हवे होते. शिबिराचे शुल्क वेगळे घेतले आहे का, आणि ते कशावर खर्च झाले, हेही समजले पाहिजे. त्याशिवाय खर्चकपातीचा सल्ला देणे म्हणजे अंधारात प्रकाशयोजना करणे होय.

मोकळा मंच
माझ्या मते नाट्यगृहच रद्द करावे. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोमध्ये स्थलांतरित कुटुंबांतील मुलांबरोबर काम करताना नाट्यखेळ विकसित केले आणि १९६३ साली त्यांचे पुस्तक आले. त्या पद्धतीत ‘छान केलेस’ किंवा ‘चुकलास’ अशा शेऱ्यांना जागा नाही, तर समोरच्या खेळातला प्रश्न मुलांनी मिळून सोडवायचा असतो. शिबिराच्या जागेतच पालकांना भोवती बसवून तासभर असे खेळ दाखवावेत. भाडे, दिवे, पाठांतर आणि रडारड असे चारही खर्च वाचतील.

तिसरी घंटा
मोकळा मंच यांचा हा उपाय आम्ही प्रत्येक धाग्यावर वाचतो. ज्या मुलाला पडदा उघडण्याची वाट पाहायला लावली आहे, त्याला नऊ दिवस आधी ‘आता पडदाच नाही’ असे सांगणे सोपे नसते. शिवाय लोकांनी तिकिटे नाटकाची घेतली आहेत, खेळांची नाही.

मोकळा मंच
पडद्याची हौस मुलांना असते की पालकांना, हे एकदा तपासून पाहावे.

स्वरयंत्र
मुलांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, ही सर्वांचीच तक्रार असते. त्यांना ‘मोठ्याने बोल’ असे कधीही सांगू नये, कारण ती लगेच ओरडू लागतात आणि प्रयोगाच्या दिवशी घसा बसतो. त्याऐवजी शेवटच्या रांगेत एका मित्राला बसवून संवाद त्याला उद्देशून म्हणायला लावावा आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दाकडे लक्ष ठेवावे, कारण नेमका तोच गिळला जातो.

रंगपेटी
आवाजाबद्दल मी विचारले नव्हते, तरी आभार. पत्रकावर ‘तिकीटविक्रीतून जमा होणारी सर्व रक्कम’ असेच शब्द आहेत. शिबिराचे शुल्क वेगळे घेतले असून ते जागा, साहित्य आणि मैत्रिणीचे मानधन यांत संपले; मी मानधन घेतलेले नाही. मुले ३४ आहेत, त्यांपैकी १४ सहा ते आठ वर्षांची आणि बाकीची नऊ ते बारा वर्षांची. संस्थेला अजून कळवलेले नाही, कारण प्रयोगाच्या दिवशी मंचावर बोलावून धनादेश देण्याचा विचार होता. शेवटच्या प्रवेशात आमची मुले अनाथ मुलांचे दुःख मांडतात आणि प्रेक्षकांमध्ये झोळी फिरवतात.

जमाखर्च
म्हणजे मूळ प्रश्न खर्चाचा नाहीच. ज्या संस्थेच्या नावावर पैसे गोळा होत आहेत तिलाच त्याचा पत्ता नाही. हिशेब मागणाऱ्या पालकांपैकी एकाने उद्या तिथे दूरध्वनी केला आणि ‘आम्हाला काही माहीत नाही’ असे उत्तर मिळाले, तर आपला हेतू कितीही स्वच्छ असला तरी ते फसवणुकीसारखे दिसेल. आजच संस्थेशी बोलून तिचे नाव वापरण्याची लेखी परवानगी घ्यावी.

संहितावाचक
नाटक कोणाचे आहे? प्रयोग देणगीसाठी आहे म्हणून लेखकाची परवानगी लागत नाही, हा मोठा गैरसमज आहे. १८८६ सालच्या बर्न करारानुसार बहुतेक साहित्यकृतींचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे राहतात आणि अनेक देशांत ही मुदत त्याहून मोठी आहे. नाटक आणि देणगी यांचा खरा आदर्श ब्रिटिश नाटककार जे. एम. बॅरी यांनी घालून दिला. १९०४ साली रंगमंचावर आलेल्या ‘पीटर पॅन’चे हक्क त्यांनी १९२९ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला दिले, आणि पुढे १९८८ च्या ब्रिटिश कायद्याने मुदत संपल्यावरही तिथल्या प्रयोगांचे मानधन त्या रुग्णालयाला मिळत राहील अशी खास तरतूद केली.

तिसरी घंटा
बॅरी यांनी स्वतःच्या मालकीचे दिले, खर्च वजा करून उरलेले दिले नाही.

रंगपेटी
संहिता आम्हीच लिहिली आहे. कृपया बॅरी यांना इथेच थांबवू या.

पालकसभा
मला पैशांपेक्षा तो शेवटचा प्रवेश खटकला. पाहायला येणाऱ्यांमध्ये कदाचित त्या संस्थेतलेही एखादे मूल असेल. आपले आयुष्य दुसऱ्या मुलाने रडून दाखवलेले त्याला कसे वाटेल? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) ३१ व्या कलमात मुलांचा खेळण्याचा आणि कलांमध्ये भाग घेण्याचा हक्क मान्य केला आहे, तर १२ व्या कलमात स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा. तुमच्या मुलांना झोळी फिरवायची आहे का, हे कुणी विचारले का? माझ्या मुलीला एका कार्यक्रमात अशीच पेटी घेऊन फिरवले होते. संवाद तिच्या लक्षात नाहीत, पण ज्यांनी मान फिरवली ते चेहरे लक्षात आहेत.

शिवाय ३४ मुले आणि दोनच मोठी माणसे, हे मला पटत नाही. ब्रिटनमधील एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था चार ते आठ वयाच्या सहा मुलांमागे एक आणि नऊ ते बारा वयाच्या आठ मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी असे सुचवते. त्या मापाने तुम्हाला किमान सहा जण हवेत, आणि प्रयोगाच्या दिवशी विंगेत, कपडे बदलण्याच्या खोलीत आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर ते लागतीलच.

मोकळा मंच
पालकांना विंगेत घेऊ नये. प्रत्येक जण आपल्याच मुलाची टोपी सरळ करत बसतो.

पालकसभा
दोन गट करून प्रत्येक पालकाला दुसऱ्या गटाकडे नेमावे. अवघड काही नाही.

तिसरी घंटा
आता मूळ प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते अद्याप कुणी दिलेले नाही. मंचाचे माप घेऊन शिबिराच्या जागेत जमिनीवर चिकटपट्टीने तेवढाच चौकोन आखावा आणि सगळ्या तालमी त्यातच कराव्यात, म्हणजे नाट्यगृह केवळ रंगीत तालमीपुरते आणि प्रयोगापुरते घ्यावे लागेल. प्रत्येक प्रवेशाला वेगळा प्रकाश ठेवू नये. सर्वत्र सारखा उजेड आणि एक अंधार एवढ्यात मुलांचे नाटक उत्तम दिसते. मुलांनी घरचे एका रंगाचे कपडे घालावेत आणि पात्र ओळखण्यापुरती एखादी टोपी, ओढणी किंवा काठी असावी. गळ्यातले ध्वनिग्राहक पूर्णपणे काढावेत आणि जी वाक्ये ऐकू येत नाहीत ती समूहाला द्यावीत.

जमाखर्च
हे सर्व करूनही ‘सर्व रक्कम’ या शब्दांचा प्रश्न उरतोच. दोनच मार्ग आहेत. एक, भाड्याचा खर्च तिकिटांबाहेरून, म्हणजे प्रायोजकाकडून किंवा स्वतःच्या खिशातून करावा. दुसरा, तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला ‘खर्च वजा जाता उरलेली रक्कम’ हा बदल स्पष्ट कळवून ज्यांना पैसे परत हवेत त्यांना ते द्यावेत. न सांगता वजावट करण्याचा तिसरा मार्ग सर्वांत सोपा दिसतो, पण तो मार्ग नव्हे.

रंगपेटी
आज संस्थेत जाऊन आले. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि पहिली अट घातली ती झोळीचा प्रवेश वगळण्याची. त्यांनी परवानगीचे पत्र देण्याचे मान्य केले असून देणगीची पेटीही त्यांचीच, त्यांच्या मोहोरेची असेल आणि पावती थेट त्यांच्याकडून मिळेल. तिकीट घेतलेल्यांना मी बदल कळवला. तिघांनी पैसे परत मागितले, बाकीच्यांनी नाही. वेशभूषा रद्द केल्यामुळे मैत्रीण माझ्याशी बोलत नाही. हिशेब मागणाऱ्या दोन पालकांना मी पेटीजवळ बसण्याची विनंती केली आहे. एकांनी होकार दिला, दुसऱ्यांचे उत्तर यायचे आहे. आता अडचण अशी की शेवटचा प्रवेश गेल्यामुळे नाटक मध्येच तुटल्यासारखे वाटते.

मोकळा मंच
तो मुलांनाच करू द्यावा. उद्या तालमीत ‘पुढे काय होते?’ एवढेच विचारा आणि गप्प बसा.

जमाखर्च
पेटी उघडताना दोघे हजर असावेत आणि मोजणीच्या कागदावर दोघांच्याही सह्या असाव्यात. दुसऱ्या पालकांनी नकार दिला तरी एकट्याला बसवू नका.