लोकांना समजावत बसणं हे संशोधकांचं काम नव्हे?

खोडदकर: काल इथे एकाने लिहिलंय की २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला पोरांच्या झुंडी सोडतात ती निव्वळ जत्रा, संशोधकांनी संशोधन करावं, चित्रकारांनी चित्रं काढावीत, बाकीच्यांना कळो न कळो. वाचून डोकंच फिरलं. अहो आमच्या शिवारात आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या अँटेना उभ्या आहेत, सगळ्या मिळून ३०, आणि इथल्या पोरांनी त्या रस्त्यावरूनच बघायच्या का? आत गेल्यावर पोरगं विचारतं मोबाईल बंद का करायचा, मग कळतं की आकाशातला सिग्नल इतका बारीक की खिशातल्या फोनपुढे तो ऐकूच येणार नाही.

लॅबवाला: मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. त्या दिवशी स्टॉलवर दिवसभर कोण उभं असतं? पीएचडीची पोरं. माझ्या मित्राची फेलोशिप कित्येक महिने अडकलेली, तरी पोस्टर चिकटवायला तोच. प्रमोशनला पेपर मोजतात, घसा बसला ते कोण मोजतंय?

शाईपेन: मग भांडण फेलोशिपचं आहे, पोरांवर का काढताय? नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. त्यांना काय कामं नव्हती?

लॅबवाला: प्रत्येकाला नारळीकर व्हायला सांगू नका राव.

मावळची लेक: तुम्ही अँटेनावर भांडा. आमच्या आजीकडून एका संशोधकाने जात्यावरच्या ओव्या टेप करून नेल्या. आजी दळता दळता मधेच थांबायची, परत पहिल्यापासून म्हणायची, तेही सगळं टेपमध्ये होतं. प्रबंध झाला, पदवी मिळाली, आजी गेली. मामाने मागायला खेटे घातले तर म्हणे विद्यापीठाच्या विभागात विचारा. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच ऐकायला मिळू नये?

लॅबवाला: वाईटच झालं, पण हे विषयांतर आहे. आणि टेप नेटवर टाकल्या की कुणीही उचलून रील करणार, आजीचं नाव उडणार, ते चालेल?

मावळची लेक: विषयांतर कसलं, हाच विषय आहे! हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून १ लाखावर ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी आज पारी या वेबसाइटवर कुणीही ऐकाव्या, खाली गाणाऱ्या बाईचं नाव, गाव. नाव टिकवायचं तर टिकवता येतं, मनात हवं.

कुंचला: मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात मी माझ्या वडिलांना नेलं होतं. चित्राशेजारी तो विद्यार्थी उभा होता म्हणून वडील त्याच्याशी अर्धा तास रंगाच्या थरांवर बोलले, ते स्वतः घरं रंगवायचे. नुसतं चित्र असतं तर पुढे गेले असते.

लॅबवाला: बरं, नाव लावून परत द्यायला माझी ना नाही. पोरांनाही या म्हणा. पण स्टॉलची ड्यूटी कामात धरा, लेखी, आणि पीएचडीच्या गाईड लोकांनाही उभं करा, नाहीतर पुढच्या २८ ला मी नाही.

खोडदकर: हे कालच लिहिलं असतं तर एवढं बोलावं लागलं नसतं.

मावळची लेक: आणि टेपचं? विद्यापीठात ओळख असणारे इथे चार तरी आहेत, अर्ज कुणाच्या नावाने करायचा तेवढं सांगा.