पुण्यातला कोयता : तुमच्या गल्लीत काय घडलं?

डिसेंबर २०२२च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी पुण्यातल्या कोयता गँगचा, म्हणजे कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांच्या टोळ्यांचा विषय काढला. आमच्या भागात तो शब्द तोवर रोजचा झाला होता. मग जानेवारी २०२४मध्ये कोथरूडच्या सुतारदऱ्यात भरदुपारी गुंड शरद मोहोळचा खून झाला, १ सप्टेंबर २०२४ला नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांचा. मोठ्या नावांच्या बातम्या होतात. ज्याच्या रिक्षाची काच फुटली, ज्याचा गल्ला उचलून नेला, त्याला कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. काय घडलं आणि नंतर कोण येऊन काय करून गेलं, तेवढं लिहा. नावं नकोत.

रिक्षाचालक
रात्री दीडला खळ्‌कन आवाज. खिडकीतून पाहिलं तर पाच-सहा पोरं, एकाच्या हातात कोयता, दिसेल त्या गाडीवर घाव. माझ्या रिक्षाची पुढची काच गेली, हूड उभा चिरला. विमा थर्ड पार्टी, त्यात हे बसत नाही. चार दिवस धंदा बंद. सकाळी आमदारांची माणसं आली, फोटो काढले, कॅमेरे बसवतो म्हणाली. बसवलेही. त्यातले दोन बंद पडल्यावर सांगायचं कुणाला? मार्च २०२२पासून जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत पुण्याला नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे. रात्री-अपरात्री दार वाजवावं असं घर उरलं नव्हतं.

हार्डवेअर दुकानदार
कोयता शहाळेवाला नेतो, ऊसतोड कामगार नेतो. २०२३पासून आधार कार्ड बघून वहीत नोंद करतो. माझी तक्रार नाही. गुन्ह्यातला कोयता वहीत नाव लिहून नेलेला असेल, असं मात्र मला वाटत नाही.

मंडळाचा कार्यकर्ता
आमच्या चौकात 'भाई'च्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. वर नेत्यांचे हसरे फोटो, खाली पोरांचे पासपोर्ट साइज. रात्री बाराला गाडीच्या बॉनेटवर केक ठेवून कोयत्याने कापला. दुसऱ्या दिवशी गुन्हा नोंदला, पोरांना उचललं. फ्लेक्स आठवडाभर तसाच. नेत्यांनी फ्लेक्सवरचा आपला फोटो तरी उतरवायला लावायला हवा होता. मी ते मंडळाच्या बैठकीत बोललो, तेव्हापासून काही जण माझ्याशी बोलत नाहीत.

निवृत्त हवालदार
फेब्रुवारी २०२४मध्ये आयुक्तालयात २००हून जास्त गुंडांची परेड झाली. जिथे दहशत केली तिथेच धिंडही काढतात. लोकांना बरं वाटतं, मलाही वाटलं. पण उठाबशा काढणाऱ्या पोराचं रील त्याचेच दोस्त गाणं लावून फिरवतात. ऑक्टोबर २०२४मध्ये शहरात सात नवी पोलीस ठाणी झाली, हे काम खरं. आता तिथे माणसं भरा आणि बीटवर पायी फिरू द्या. आम्हाला कुठल्या घरातलं पोरगं रात्री बाहेर असतं ते ठाऊक असायचं.

शिक्षिका
नववीतला मुलगा. गणित चांगलं. बापाचं पिणं, आई चार घरची धुणीभांडी करणारी. दिवाळीनंतर शाळेत येईना. मग कुणीतरी त्याचं स्टेटस दाखवलं : पाठीवरून शर्टात खोचलेला कोयता, मूठ तेवढी कॉलरमधून बाहेर. शर्ट शाळेचाच होता, खिशावर बिल्ला.

मी घरी गेले. आई म्हणाली, "बाई, ती मोठी पोरं त्याला बिर्याणी खाऊ घालतात, गाडी चालवायला देतात. मी काय देऊ?" जवळच्या चौकीत सांगितलं. "गुन्हा घडल्याशिवाय काय करणार?" महिन्याने गुन्हा घडला. मारहाण, एकाच्या हाताची दोन बोटं गेली. मुलगा पंधरा वर्षांचा, येरवड्याच्या निरीक्षणगृहात गेला.

त्यानंतर वस्तीत सभा झाली. अल्पवयीन म्हणून सोडू नका, वय कमी करा, अशी भाषणं. २०१५च्या बालन्याय कायद्यात सोळा ते अठराच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांसारखा खटला चालवायची तरतूद आहेच. ज्याची बोटं गेली त्याच्या आईचा राग मला कळतो, मी तिलाही भेटून आले. पण त्या मोठ्या पोरांबद्दल, बिर्याणी देणाऱ्यांबद्दल, मंचावरून एक शब्द नाही.

जामिनावर सुटल्यावर तो आईबरोबर शाळेच्या फाटकाशी आला. आत येईना. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येईल का, एवढंच विचारलं. फॉर्म भरलाय. संध्याकाळी साडेसहाला माझ्या घरी येतो, जाताना आई न्यायला येते.