स्वादुपिंडाच्या शेपटीतील गाठ: दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी की पोट उघडून? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही फोंडा तालुक्यातील असून माझ्या वडिलांचे वय ६२ आहे. पित्ताशयात खडे असावेत या संशयावरून सोनोग्राफी केली असता स्वादुपिंडावर गाठ दिसली. पुढे सीटी स्कॅन आणि एंडोस्कोपीतून घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीवरून ती न्यूरोएंडोक्राइन प्रकारची (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींपासून होणारी), साधारण ३ सेंटिमीटरची, शेपटीच्या भागातली आणि अन्यत्र न पसरलेली असल्याचे निष्पन्न झाले. एक सर्जन दुर्बिणीतून काढू म्हणतात, दुसरे पोट उघडूनच काढण्याच्या मताचे आहेत.

नातेवाईक मात्र दुर्बिणीचे नावही काढू देत नाहीत, कारण ओळखीतल्या एकांचे व्हिपल ऑपरेशनानंतर फार हाल झाले. माझ्या वाचनाप्रमाणे ही गल्लत आहे. व्हिपल हे स्वादुपिंडाच्या डोक्याकडील गाठीसाठी करतात, त्यात लहान आतडे आणि पित्तनलिका पुन्हा जोडाव्या लागतात. नेदरलँड्समधील दुर्बिणीच्या व्हिपलची चाचणी त्या गटात गुंतागुंतीमुळे जास्त मृत्यू झाल्याने मध्येच थांबवावी लागली, तर तिथल्याच शेपटीकडील शस्त्रक्रियेच्या चाचणीत (२०१९) दुर्बिणीचे रुग्ण ४ दिवसांत हिंडूफिरू लागले आणि पोट उघडलेल्यांना ६ दिवस लागले. तरीही छेद लहान असला म्हणून स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकातून पाचकरस पाझरण्याचा धोका टळत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे.

म्हणून ज्यांच्या घरी शेपटीकडील गाठ काढली आहे त्यांनी कृपया सांगावे: शेपटीला लागून असलेली प्लीहा वाचवता आली का? ती काढावी लागण्याची शक्यता असल्यास जंतुसंसर्ग टाळण्यासाठी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) या लसी किमान २ आठवडे आधी घेतलेल्या बऱ्या, असे कळले. त्या तुम्हाला सर्जनांनी आपणहून सुचवल्या का? ड्रेनची नळी घेऊन घरी सोडले होते का, आणि त्यातल्या द्रवाचे अमायलेज (स्वादुपिंडाचा पाचकरस पाझरतो का हे दाखवणारे विकर) कुठे तपासले? नंतर साखर वाढली का? बाबा आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाण्याचे पाट स्वतः वळवतात, सुपारीची पोती उचलतात. वजन उचलण्याची मुभा कधी मिळाली?

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात करावे की मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात न्यावे, हेही अजून ठरलेले नाही. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून अशा शस्त्रक्रियेचा खर्च कोणाला मिळाला असल्यास कागदपत्रांची माहिती द्यावी. उत्तर देताना गाठ डोक्याकडे होती की शेपटीकडे, हे कृपया आवर्जून लिहावे.