हॅल्युसिनेशन : भास, भ्रम, थाप की आणखी काही?

प्रश्न : अस्तित्वात नसलेले पुस्तक, निकाल किंवा आकडा एआय ठामपणे सांगते, त्याला हॅल्युसिनेशन म्हणतात. शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेत मराठीत काय लिहावे? 'भ्रम', 'भास' आणि 'थाप' सुचले आहेत.

उत्तर : 'थाप' आधी बाद करा. थाप मारणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते. इथे फसवण्याचा हेतूच नाही. 'भ्रम' म्हणजे दोरीच्या जागी साप दिसणे, आणि इथे मुळात दोरीही नसते. म्हणून 'भास' जवळचा. मानसोपचारातही तोच रूढ आहे.

दुसरे मत : 'भास' वाक्यात घालून पाहा : 'मॉडेलला (म्हणजे उत्तर तयार करणाऱ्या एआय प्रणालीला) भास झाला'. या 'ला'मुळे असे वाटते की एरवी मॉडेलला नीट दिसत होते, मध्येच काही बिघडले. तसे नसते. आधीच्या मजकुरावरून पुढचे टोकन, म्हणजे शब्द किंवा त्याचा तुकडा, कोणते येण्याची शक्यता किती हे मॉडेल काढत जाते. बरोबर उत्तरही याच रीतीने तयार होते. संदर्भ देताना घोळ का होतो तेही यातून कळते. लेखक, शीर्षक, वर्ष, पृष्ठे हा साचा प्रशिक्षणात असंख्य वेळा आलेला असतो, एखादा विशिष्ट लेख मात्र क्वचितच. साचा अचूक उतरतो आणि आतला तपशील शक्यतेने भरला जातो. म्हणून माझे मत 'कपोलकल्पित'ला : 'मॉडेलने कपोलकल्पित संदर्भ दिला'. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०२४च्या दस्तऐवजात 'कन्फॅब्युलेशन' हा शब्द घेतला. स्मृतीतली फट, फसवण्याचा हेतू नसताना, रचलेल्या तपशिलाने भरणे असा त्याचा मूळ अर्थ.

शंका : विद्यार्थ्यांना 'कपोलकल्पित' जड जाईल. 'बनावट' चालेल?

उत्तर : नको, त्यात पुन्हा हेतू आला. लहान वर्गांसाठी 'रचलेली माहिती' पुरे. विद्यार्थ्याच्या कामावरचा शेरा मात्र पूर्ण लिहा : 'मॉडेलने रचलेला संदर्भ न पडताळता वापरला'. 'भास' म्हटले की दोष यंत्रावर जातो. या वाक्यात वापरणाऱ्याची जबाबदारी दिसते. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले निकाल न तपासता सादर झाले, तेव्हा ५,००० डॉलरचा दंड वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला झाला.

पुरवणी : पुस्तिकेत पडताळणीही सांगा. शीर्षक, लेखक, वर्ष आणि पान वेगवेगळे तपासावे. खरा लेखक आणि खोटे शीर्षक ही जोडी सहज फसवते. पुस्तक सापडले तरी ते विधान त्या पानावर आहे का, हे पाहावेच. 'हे खरे आहे का?' असे त्याच मॉडेलला विचारणे ही पडताळणी नव्हे. मूळ मजकूर देऊन त्यातूनच उत्तर मागितले तर चुका घटतात, संपत नाहीत. टेंपरेचर, म्हणजे पुढचा शब्द निवडताना किती फेरफार चालेल हे ठरवणारी सेटिंग, शून्यावर ठेवल्यास उत्तर जवळपास तेच तेच येते. ते खरे असेलच असे नाही.

शब्दसूचीत नोंद 'हॅल्युसिनेशन'खालीच ठेवा. वाचक तोच शब्द ऐकून शोधायला येणार.