बेस गिटारचे पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर), कपॅसिटर बदलले तर आवाजात खरंच फरक पडतो का?

चारतारी (कोल्हापूर):
फेंडरच्या जॅझ बेस मॉडेलच्या घडणीचा एक स्वस्तातला बेस सेकंडहँड घेतलाय. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं पकडणारी एकेरी कॉइल), दोन व्हॉल्यूम, एक टोन. आवाज दबका येतो, टोन फिरवला की खरखर होते आणि एक व्हॉल्यूम जरा उतरवला की घूंऽऽ सुरू. पिकअप तेच ठेवून नवे पॉट, ऑइलवाला कपॅसिटर आणि नवी वायरिंग करायचा विचार आहे. कानाला कळेल का? गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचाय.

खर्जवाला (पुणे):
कपॅसिटरवर पैसे घालू नकोस. मी ते करून बसलोय, म्हणून सांगतो. 0.047 मायक्रोफॅरडचे दोन घेतले, एक इथे पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो तो साधा पॉलिस्टर, दुसरा बाहेरून मागवलेला ऑइलचा. दोन्ही मीटरवर मोजून जवळजवळ सारखे निघाले. तोच बेस, त्याच तारा, तीच ओळ रेकॉर्ड केली आणि आमच्या ड्रमरला न सांगता उलटसुलट ऐकवली. त्याला ओळखता आलं नाही. मलाही नाही, आणि मला तर महागडाच चांगला निघावा असं मनापासून वाटत होतं. टोन पूर्ण उघडा असतो तेव्हा कपॅसिटरच्या वाटेत टोनच्या पॉटचे 250 किलोओहम असतात, तो बोलणार किती? किंमत नव्हे, मूल्य बदललं तर कळतं: 0.1 लावून टोन बंद कर, आवाज आणखी खोल जातो.

पॉटचं वेगळं आहे. 250 छापलेला पॉट मीटरवर 210 भरतो, कधी 280. पाचशेचे लावले तेव्हा तारेची धातूची खणखण वर आली, पण नव्या तारांवरच. तुझी खरखर मात्र धुळीची असेल. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पॉट वीस-तीस वेळा फिरव.

घूंचं उत्तर तूच लिहिलंयस. बऱ्याच जॅझ बेसमध्ये दोन पिकअप एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम सारखे असले की 50 हर्ट्झची घरघर एकमेकांना खाऊन टाकते. एक उतरवला की ती उघडी पडते. ती कॉइलची आहे, वायर बदलून जाणार नाही. पण तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल, तर त्यात आतल्या उघड्या वायरिंगचाही वाटा आहे. खोबणीत तांब्याची टेप लाव आणि ती ग्राउंडला जोडायला विसरू नकोस. माझ्या बेसवर सगळ्यात जास्त ऐकू आलेली दुरुस्ती हीच.

आणि तारा कधी बदलल्यास?

मंद्र४० (ठाणे):
खर्जवालांशी बहुतेक सहमत. एक भर घालतो. स्टेजवर दहा मीटरची केबल असते, ती स्वतःच कपॅसिटरसारखी वागते, मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड धरले तरी हजार होतात आणि आवाजातली वरची चमक तिथेच मरते. मी 9 व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीअँप (सिग्नल केबलमध्ये जाण्याआधी त्याला जोर देणारं सर्किट) आत बसवला, तर नॉब सगळे मध्यावर असतानाही फरक लगेच कळला. इलेक्ट्रॉनिक्सवर खर्च करायचाच तर तिथे कर. मात्र मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन याने तिथली बरीच गाणी साध्या पॅसिव्ह (बॅटरीविना) फेंडर प्रिसिजन बेसवर, जाड फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा चढवून वाजवली, हेही ध्यानात असू दे. तुला कुठला आवाज हवाय ते आधी ठरव.

चारतारी:
दादा, तारा घेतल्यापासून बदललेल्याच नव्हत्या. रविवारी राउंडवाउंड (गोल तारेच्या गुंडाळीच्या) चढवल्या, क्लीनर मारला. खरखर गेली. दबकेपणाही गेला, इतका की आई आतून विचारत आली, नवीन गिटार आणलीस का. टेप लावायला बेस उघडला तर ब्रिजखालून येणारी ग्राउंडची वायर सुटून लोंबत होती! ती डाग देऊन जोडली. आता तारांवर हात ठेवला की बेस शांत असतो. एकच व्हॉल्यूम ठेवला तर बारीक घूं आहे, तेवढी चालेल. प्रीअँप दिवाळीनंतर बघू, त्याआधी छोटी केबल घेतो.